भट्टीशिवाय घडणारं पोलाद

पोलादपूर मागे टाकून मुंबई-गोवा महामार्ग कशेडी घाटाला लागतो, तिथे दरीच्या कडेने लोखंडी कठडे उभे आहेत. इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा वळवलेला हा पत्रा जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढ्याच जाडीची सपाट पट्टी दोन खांबांवर आडवी टाकून मधोमध एक माणूस उभा राहिला, तर ती कायमची वाकेल. कठड्याचा पत्रा मात्र भरधाव मोटारीचा धक्का झेलतो. पन्हळीमुळे पत्र्याला खोली येते आणि वाकण्याला होणारा त्याचा विरोध शेकडो पटींनी वाढतो.

ही पन्हळ पाडताना भट्टी पेटवावी लागत नाही. गुंडाळीतून सुटणारा पत्रा रुळांच्या एकापाठोपाठच्या जोड्यांमधून सरकत जातो. प्रत्येक जोडी त्याला थोडंच वळवते आणि शेवटच्या जोडीतून तो तयार आकारात बाहेर पडतो. पुढे त्याला सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, पण ते गंजापासून वाचवण्यासाठी. आकार तोवर देऊन झालेला असतो. महाड-पोलादपूरच्या घरांवर आणि गोठ्यांवर दिसणाऱ्या पत्र्यांची पन्हळही अशीच, न तापवता पाडलेली असते.

धातू न तापवता वळवला, ठोकला, ओढला किंवा पिळला, की नुसता आकार बदलत नाही. धातू आतूनही बदलतो, आधीपेक्षा कडक होतो. हे ज्याला पडताळायचं असेल त्याने तांब्याची जाड तार घ्यावी. पहिल्यांदा ती सहज वाकते. त्याच जागी उलट वाकवताना बोटांना जोर लावावा लागतो, आणि असं करत राहिलं की ती तिथेच तुटते.

असं का व्हावं? धातू म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा समूह, आणि प्रत्येक स्फटिकात अणू ओळीने रचलेले असतात. धातू वाकताना अणूंचा अख्खा थर दुसऱ्या थरावरून एकदम घसरत असेल, असं गृहीत धरून १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल यांनी गणित मांडलं. त्यासाठी लागणारा जोर प्रत्यक्षापेक्षा कैक पटींनी जास्त निघाला. या कोड्याचं उत्तर १९३४ मध्ये जेफ्री टेलर, इगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे दिलं. स्फटिकातली रचना निर्दोष नसते. मध्येच एखादी ओळ अर्धवट तुटलेली असते. या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. जोर लावला की हा दोष एकेक अणू ओलांडत पुढे सरकतो, त्यामुळे सगळा थर एकाच वेळी हलवावा लागत नाही. धातू वाकतो तो या दोषांच्या जिवावर.

गंमत पुढेच आहे. धातू गार असताना ठोकला की नवे दोष तयार होत जातात. मऊ केलेल्या धातूत एका चौरस सेंटिमीटरमागे दहा लाख ते दहा कोटी दोष असतात. भरपूर ठोकल्यावर ही संख्या लाख कोटींपर्यंत जाते. मग गणपतीच्या आधी माणगावला अडकलेल्या गाड्यांसारखी त्यांची गत होते: प्रत्येकाची वाट दुसऱ्याने अडवलेली. दोष सरकेनासे झाले, की धातू वाकायला तयार होत नाही.

हे मर्म कोकणातल्या तांबटांच्या हाताला विज्ञानाच्या कितीतरी आधी उमगलं होतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतली त्वष्टा कासार घराणी मूळची कोकणातली. घंगाळ असो वा हंडा, जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर तांब्याचा पत्रा धरून ठोकताना तो कडक होतो आणि दाद देईनासा होतो. मग तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात, कारण उष्णतेने अणू नव्याने रचले जातात आणि दोषांची गर्दी ओसरते. शेवटचं काम मात्र भट्टीनंतरचं, म्हणजे मठारण्याचं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके पडत जातात आणि सगळ्या अंगावर चकाकत्या खळ्या उमटतात. ही नक्षी सुंदर दिसते हे खरंच, पण खळीखळीगणिक भांडं कणखर होतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. मठारल्यावर भांडं पुन्हा तापवत नाहीत, म्हणून ती कणखरता टिकते.

इथे ‘गार’ हा शब्द सापेक्ष आहे. अणू नव्याने रचले जाण्याचं तापमान धातूगणिक बदलतं. शिसं घराच्या तापमानालाच सावरतं, म्हणून कितीही ठोका, ते मऊच राहतं. टंगस्टन हजार अंशांवर रसरसलेलं असतानाही धातुशास्त्राच्या हिशेबात गारच ठरू शकतं.

घरबांधणीत या गुणाचा मोठा वापर टॉर सळईने केला. सळई गार असतानाच तिला पीळ द्यायचा. साध्या सळईची ताकद चौरस मिलिमीटरला अडीचशे न्यूटनच्या आसपास, तर पिळलेलीची ४१५. भारतीय मानक आयएस १७८६ सुरुवातीला आलं, ते अशाच पिळलेल्या सळयांसाठी. पण पीळ देताना सळईत ताण कोंडून राहतात. अशा सळया लवकर गंजतात, हा अनुभव दमट हवेत विशेष आला. पुढे टीएमटीने त्यांची जागा घेतली. ही सळई तापलेल्या अवस्थेत लाटतात आणि पाण्याच्या फवाऱ्याने तिची साल झटकन थंड करतात. बाहेर कडक, आत लवचिक.

म्हणूनच बांधकामावर सळई वाकत नाही म्हणून तिला गॅसची ज्योत दाखवणं घातक आहे. पाण्याच्या फवाऱ्याने कमावलेली सालीची ताकद तिथे उतरते, आणि खांब भरल्यावर ते कुणालाच दिसत नाही. वाकवायची ती गारच, आणि पुरेशा जाड खुंटीभोवती. फे ५०० दर्जाच्या बारा मिलिमीटर सळईची वाक-चाचणी तिच्या चौपट, म्हणजे ४८ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती घेतात. त्याहून बारीक खुंटीवर ती वळवली, तर बाहेरच्या अंगाला चीर पडण्याचा धोका वाढतो. चुकीच्या जागी वाकलेली सळई सरळ करून पुन्हा वळवणंही तसंच. तारेचं जे झालं तेच तिचं होऊ शकतं.

खांबाच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचं काम आणखी नाजूक, कारण भूकंपात भिस्त त्यांच्यावर असते. ११ डिसेंबर १९६७ रोजी ज्या कोयनेने भूकंप पाहिला, ती पोलादपूरच्या आग्नेयेला, सह्याद्रीपलीकडेच आहे. भूकंपासाठीचं मानक आयएस १३९२० सांगतं, की रिंगेची टोकं १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रुतवावीत. काटकोनात सोडलेलं टोक, हादऱ्याने वरचं काँक्रीट निखळलं की उघडतं आणि उभ्या सळया मोकळ्या पडतात. महाड-पोलादपूर भागात घर बांधणाऱ्याने काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी खांबाजवळ उभं राहून रिंगांची टोकं बघावीत आणि सळई वाकवणाऱ्या कारागिराची खुंटी किती जाड आहे, तेही विचारावं.