स्थिरतेचा एक दिवस

मार्गशीर्षातील थंडीत परभणीहून कुंथलगिरीकडे पायी निघालेला आमचा तीसएक जणांचा संघ गंगाखेड, परळी असे मुक्काम करीत पाचव्या दिवशी सायंकाळी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस पोहोचला. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपल्यावर सासूबाईंनी पाय पुढे केले, तेव्हा त्यांच्या दोन्ही टाचांना फोड आलेले दिसले. संघातील आणखी चौघांची अवस्था तशीच होती. ज्येष्ठांनी निर्णय दिला : उद्या स्थिरता.

आमच्या यजमानांना तो रुचला नाही. कापडाचे दुकान पुतण्यावर सोपवून ते आले होते आणि लग्नसराईतला एकेक दिवस त्यांच्या हिशेबात होता. "एक दिवस फुकट गेला," एवढेच ते म्हणाले. आमची कन्या मात्र मनातून हरखली होती. बारावीनंतर पुण्यास जाऊन प्राकृत शिकायचे आणि जुन्या पोथ्या वाचायच्या, असे तिने ठरविलेले. आणि त्यावरून गेले दोन महिने घरात बाप-लेकीचे बोलणे जेमतेम होते.

अंबाजोगाईस मराठवाड्याचे पुणे म्हणतात. विद्यापीठाचे ठाणे येथे नाही. तरी विद्येचे गाव म्हणून त्याचा लौकिक फार जुना आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे संस्कृत शिलालेख येथे आहेत. त्याचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत पडला, तेव्हा लक्ष्मी नावाच्या बहिणीने भावाच्या स्मरणार्थ 1240 च्या सुमारास देऊळ उभारले, ही हकीकत अशाच एका लेखामुळे आपल्यापर्यंत आली आहे. दगडावरची ती अक्षरे वाचणारा कोणी झाला नसता, तर त्या बहिणीचे नावही उरले नसते.

सकाळचे पूजन झाल्यावर, ज्यांचे पाय धड होते असे आम्ही दहा-बाराजण एका निवृत्त शिक्षकांसोबत गाव पाहण्यास निघालो. वाहनात न बसण्याचा नियम असल्याने सगळे पायीच. हत्तीखान्याच्या लेण्यातले खडकात कोरलेले हत्ती पाहिले. पुढे गावाबाहेर, बालाघाटच्या दरीत असलेल्या मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत गेलो. शके 1110 म्हणजे इसवी सन 1188 मधला त्यांचा 'विवेकसिंधु' हा मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मानला जातो. गुरुजी सहज म्हणाले, "श्रवणबेळगोळला बाहुबली भगवंतांच्या चरणांशी जो मराठी लेख कोरला आहे, तो याहूनही जुना. तुमचा आणि मराठीचा संबंध आजचा नाही." यजमानांनी मान डोलावली, पण लक्ष घड्याळाकडे होते.

परतताना योगेश्वरी नूतन विद्यालयापाशी थांबलो. निजामी राजवटीत, उच्च शिक्षण उर्दूतून मिळण्याच्या काळात, 1935 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून येथे आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी ही शाळा राष्ट्रीय शिक्षणाचे केंद्र केली. पुढे 1938 च्या सत्याग्रहात ते उतरले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. आज नांदेडच्या विद्यापीठास आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचेच नाव आहे. एका संन्याशाने शाळामास्तरकी पत्करली आणि त्या शाळेतून लढा उभा राहिला, हे ऐकताना आम्ही सारेच गप्प झालो.

दुपारी ओसरीवर बसल्यावर गुरुजींनी दासोपंतांची गोष्ट सांगितली. 1551 ते 1615 हा त्यांचा काळ. समाधी याच गावी. 'गीतार्णव' हा त्यांचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा मानतात. त्यांना लिहिण्यासाठी रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. लिहिता लिहिता कागद अपुरा वाटला म्हणून की काय, त्यांनी चक्क कापडावर 'पंचीकरण' लिहिले, आकृत्यांसह. ती पासोडी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद आहे.

कापड म्हटल्यावर यजमान प्रथमच सावरून बसले. "चाळीस फूट? म्हणजे सव्वातेरा वार. दीड नऊवारी!" ते उठले, आणि कोपऱ्यापासून पावले टाकीत त्यांनी अंगणात ती लांबी मोजली. अंगण अपुरे पडले. मग दारातच उभे राहून ते बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. "तीस वर्षे कापड मोजतो आहे," ते शेवटी म्हणाले, "पण कापड वाचायचेही असते, हे ठाऊक नव्हते."

कन्या इतका वेळ काही बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "बाबा, आपल्या घरीसुद्धा कापडात बांधलेले काहीतरी आहे. तेही कोणी वाचलेले नाही."

तिचे म्हणणे खरे होते. आमच्या देवघरात पणजोबांपासूनच्या चार पोथ्या आहेत. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, श्रुतपंचमीला, आम्ही त्या खाली काढतो, नवे वेष्टन बांधतो, अष्टद्रव्यांनी पूजा करतो आणि पुन्हा पेटीत ठेवतो. त्यांत काय लिहिले आहे हे घरात कोणास सांगता येत नाही. ज्या दिवशी पुष्पदंत-भूतबली आचार्यांच्या हातून षट्खंडागम पूर्ण झाला, त्या दिवसाचा हा सण. स्मरणातले ज्ञान लुप्त होईल या चिंतेने धरसेनाचार्यांनी त्या दोघांना शिकविले, म्हणून तो ग्रंथ झाला. आणि आम्ही? वेष्टन तेवढे बदलतो.

यजमानांनी माघार मात्र लगेच घेतली नाही. "आपण ज्यांच्या दर्शनास निघालो आहोत ते कुलभूषण-देशभूषणही गुरूकडे वर्षानुवर्षे शिकलेच ना? घरी परतले तेव्हा गवाक्षातल्या सख्ख्या बहिणीला ओळखू शकले नाहीत, दोघांच्याही मनात विकार आला. मग त्या शिकण्याचा उपयोग काय झाला?"

प्रश्न खोटा नव्हता. लेक दूर शिकायला गेली तर घराला परकी होईल, ही त्यामागची भीती मला कळत होती. उत्तर सासूबाईंनी दिले, टाचांना हळदीचा लेप लावता लावता. "अरे, बहीण आहे हे कळताच दोघे त्याच पावली मागे फिरले आणि मुनी झाले. चूक कळणे आणि मागे फिरणे, हे शिकल्यावाचून जमते का? पोरगी घर विसरेल याची तुला धास्ती. पण घरात राहून आम्ही पोथी विसरलोच की!"

आपल्या समाजात दानाला कमी नाही. शास्त्रदान हेही आपल्या चार दानांपैकी एक. आपण ग्रंथ छापून वाटतो, पाठशाळांना देणग्या देतो. परंतु एखादे हुशार मूल दुकानाऐवजी ग्रंथाकडे वळू लागले की आपला हात आखडतो. सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य या रत्नत्रयातील मधले रत्न आपण पूजेपुरते ठेवले आहे काय, असा प्रश्न मला त्या ओसरीवर पडला. तो मी आपणा सर्वांसमोर ठेवीत आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे संघ केजच्या वाटेला लागला. सासूबाई काठी टेकीत, पण चालत होत्या. बाप-लेक पुढे होते. बरेच अंतर दोघे मुकाट्याने चालले. उजाडू लागले तेव्हा मागून मला यजमानांचा आवाज ऐकू आला :

"त्या पुण्याच्या कॉलेजची फी वर्षाची असते की सहामाहीची?"