१९५२ च्या आधीची मते : वऱ्हाडातील मर्यादित लोकशाहीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली आणि त्यापूर्वी या देशातील कोणीही कधी मत दिलेच नव्हते, हे विधान दर २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनाच्या भाषणांतून, शाळांतील निबंधांतून आणि निवडणुकीच्या हंगामातील लेखांतून इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. वऱ्हाडात त्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते : हा मुलूख कागदोपत्री निझामाचा, तेव्हा येथे निवडणुका होणार तरी कशा? पुस्ती पूर्णपणे चुकीची आहे आणि मूळ विधान अर्धवट खरे आहे, म्हणूनच ते खोडून काढणे अधिक अवघड जाते. १९५१-५२ ची निवडणूक स्वतंत्र भारताची पहिली होती, आणि जात, धर्म, लिंग, मालमत्ता वा शिक्षण यांची अट न घालता एकवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला मत देणाऱ्या प्रौढ मताधिकारावरचीही पहिलीच होती. परंतु त्यापूर्वी तीस वर्षे निवडणुका होत होत्या, त्यांत पक्ष लढत होते, जिंकत होते आणि बहिष्कारही घालत होते, हे विसरले की दोन गोष्टी एकदमच नजरेआड होतात : त्या काळात कोणाला मताबाहेर ठेवले गेले, आणि ज्यांना आत घेतले गेले त्यांच्या मताची किंमत सरकारने किती ठेवली.

कालक्रम सरळ आहे आणि तो कोणत्याही चांगल्या इतिहासग्रंथात सापडतो. १९०९ च्या कायद्याने कायदेमंडळांत काही सदस्य निवडून आणण्याची सोय केली, पण ती बहुतांशी अप्रत्यक्ष होती. म्हणजे नगरपालिका, जिल्हा मंडळे, जमीनदार अशा घटकांनी प्रतिनिधी पाठवायचे होते. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्याने प्रत्यक्ष मतदान आणले. मध्यवर्ती विधानसभा, कौन्सिल ऑफ स्टेट हे तिचे वरिष्ठ सभागृह आणि प्रांतिक कायदेमंडळे यांच्या पहिल्या निवडणुका १९२० मध्ये झाल्या. त्यानंतर मध्यवर्ती विधानसभेसाठी १९२३, १९२६, १९३०, १९३४ आणि १९४५ अशा आणखी पाच वेळा मतदान झाले. यांपैकी १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने असहकाराच्या आणि १९३० च्या निवडणुकीवर सविनय कायदेभंगाच्या भूमिकेतून बहिष्कार घातला. जी निवडणूक झालीच नाही तिच्यावर बहिष्कार कोण घालील, एवढा साधा प्रश्न जरी विचारला असता तरी हा गैरसमज टिकला नसता.

मर्यादा कोठे होती, हे मतदारांच्या संख्येवरून प्रथम लक्षात येते. १९२० साली सर्व प्रांतांत मिळून प्रांतिक कायदेमंडळांचे मतदार सुमारे त्रेपन्न लाख होते, मध्यवर्ती विधानसभेचे सुमारे नऊ लाख, आणि कौन्सिल ऑफ स्टेटचे अवघे सतरा हजारांच्या आसपास. ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या त्या वेळी चोवीस कोटींहून अधिक होती. अर्थात देशाच्या कायदेमंडळासाठी मत देऊ शकणारी माणसे हजारी चारही नव्हती. मताची पात्रता नागरिक असण्यावर ठरत नसे. शेतसारा, घराचे भाडेमूल्य, प्राप्तिकर, लष्करी सेवा अशा अटींवर ती ठरत असे, आणि सभागृह जितके वरचे तितकी अट कडक होत जाई.

या अटी प्रत्यक्ष गावाला लावून पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ कळत नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे क्षेत्र. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथे होते, म्हाइंभटांचे लीळाचरित्र तेथे सिद्ध झाले आणि मराठी भाषा विद्यापीठासाठीही याच गावाची निवड झाली. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे सरकारने थेट खातेदाराकडून सारा घेण्याची पद्धत असल्यामुळे, अशा गावातील पुरेसा सारा भरणाऱ्या खातेदाराचे नाव प्रांतिक यादीत येऊ शकत होते. १९३५ च्या कायद्यानंतर वतनदार पाटील वा पटवारी यालाही ती पात्रता होती. त्याच खातेदाराच्या शेतात वर्षभर राबणारा सालदार, कापूस वेचणारी मजूर बाई, भूमिहीन दलित कुटुंबे आणि भिक्षेवर राहून अटन करणारा महानुभाव संन्यासी यांच्या नावे ना सारा होता ना कर, त्यामुळे ते यादीबाहेर राहत. एखाद्या महंताच्या नावे पुरेशी जमीन असेल तर महंत मतदार ठरू शके आणि त्याचे शिष्य ठरू शकत नसत. ज्या गावात पंथसंस्थापक सर्वज्ञांच्या वचनांचा संग्रह स्त्री-शूद्रांना कळेल अशा मराठीत साडेसहाशे वर्षांपूर्वी झाला होता, त्या गावातील बहुसंख्य माणसांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राज्यकारभारात स्वतःचा शब्द नव्हता, ही गोष्ट '१९५२ पूर्वी निवडणुकाच नव्हत्या' असे म्हटल्याने झाकली जाते. कोणालाच मत नव्हते असे म्हटले की कोणावरच अन्याय झाला नाही असे होते. काहींना होते आणि बहुतेकांना नव्हते, हे सत्य मात्र बोचणारे आहे.

दुसरी मर्यादा निवडून आलेल्यांच्या अधिकारांची. प्रांतांत द्विदल राज्यपद्धती होती : शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी सोपीव खाती कायदेमंडळाला जबाबदार असणाऱ्या मंत्र्यांकडे, तर वित्त, पोलीस, जमीनमहसूल ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. मध्यवर्ती पातळीवर तर जबाबदार मंत्रीच नव्हते, आणि लष्करी खर्चासारख्या मोठ्या रकमा विधानसभेच्या मतास टाकल्याच जात नसत. सभागृहाने नाकारलेला कायदाही व्हाइसरॉय स्वतःच्या प्रमाणपत्राने लागू करू शके. १९२३ साली मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचा प्रस्ताव विधानसभेने फेटाळला, तेव्हा लॉर्ड रीडिंग यांनी नेमका हाच अधिकार वापरला आणि कर दुप्पट झाला.

हे सारे नाटकच असेल तर त्यात भाग घ्यायचा कशासाठी, असा प्रश्न त्या काळातही विचारला गेला आणि त्याचे सर्वांत ठाम उत्तर मध्य प्रांत-वऱ्हाडानेच दिले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून एका ओळीत उरकली जाते. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले तो एकमेव प्रांत हा होता. पक्षाचे नेते चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांचे धोरण आत शिरून अडवणूक करण्याचे होते. येथील स्वराज्य पक्षीयांनी ते अक्षरशः पाळले, मंत्र्यांचे वेतन नाममात्र रकमेवर आणून ठेवले, मंत्री टिकू शकले नाहीत आणि सोपीव खाती गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना हाती घ्यावी लागली. जबाबदार राज्यपद्धतीचा दिखावा मताच्या जोरावर मोडता येतो, हे या प्रांताने दाखवले. पुढे ऑक्टोबर १९२५ मध्ये कायदेमंडळाचे अध्यक्ष आणि अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे यांनी कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले, त्यावरून पक्षात फूट पडली आणि केळकर, जयकर, मुंजे यांच्या प्रतियोगी सहकारितेच्या, म्हणजे सरकार जितके सहकार्य देईल तितके त्याला देण्याच्या, धोरणाला बळ मिळाले. तांबे यांचा निर्णय योग्य होता की नव्हता यावर मतभेद राहतील. परंतु ज्या वादाने अखिल भारतीय पक्ष दुभंगला तो वाद अमरावतीच्या एका निर्वाचित प्रतिनिधीवरून पेटला होता, एवढे तरी वऱ्हाडातील वाचकाला ठाऊक असायला हवे.

आता निझामाची पुस्ती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला, १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ पासून अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा मुलूख मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला. सार्वभौमत्व मात्र कायद्याने निझामाचेच राहिले. यावरून येथे निवडणुका नव्हत्या असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, कारण १९२० पासून त्या झाल्या. खरी विलक्षण गोष्ट याहून वेगळी आहे. वऱ्हाड हा तांत्रिकदृष्ट्या ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्याने तेथून निवडून आलेल्या माणसाला 'निर्वाचित सदस्य' मानता येत नव्हते. म्हणून मतदान व्हायचे, मोजणी व्हायची आणि विजयी उमेदवाराला सरकार नामनियुक्त करायचे. मध्यवर्ती विधानसभेच्या १४५ जागांपैकी १०४ निर्वाचित आणि ४१ नियुक्त होत्या, आणि वऱ्हाडची एकमेव जागा या ४१ मध्ये मोजली जाई. लोकनायक बापूजी अणे सभागृहात येत ते याच वाटेने, आणि विधानसभेच्या छापील कामकाजात त्यांच्या नावापुढे 'वऱ्हाड प्रतिनिधी' अशी नोंद असे. सरकारवर कठोर टीका करणारा लोकनियुक्त नेता कागदोपत्री सरकारनियुक्त ठरावा, इतकी ही व्यवस्था स्वतःच्या तत्त्वांशी विसंगत होती. निझामाशी झालेल्या १९३६ च्या करारानंतर आणि १९३५ च्या कायद्याने 'मध्य प्रांत व वऱ्हाड' हा एक प्रांत मानल्यावर ही अडचण संपली.

वऱ्हाड आणि मराठवाडा यांची गल्लत करणे हेही या गैरसमजाचे एक मूळ असावे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे प्रत्यक्ष निझामाच्या कारभाराखाली होते आणि तेथील सामान्य माणसाला खऱ्या अर्थाने पहिले मत १९५२ सालीच मिळाले. पैनगंगेच्या दोन तीरांवरील मराठी माणसांचा राजकीय अनुभव इतका भिन्न होता.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली आणि मतदारांची संख्या सुमारे तीन कोटींवर नेली. १९३७ च्या निवडणुकीत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला बहुमत मिळाले, डॉ. ना. भा. खरे आणि त्यांच्यानंतर १९३८ मध्ये रविशंकर शुक्ल प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे प्रांतिक सरकारचे प्रमुख, झाले. परंतु या कायद्याचा संघराज्याविषयीचा भाग कधीच अमलात आला नाही, त्यामुळे मध्यवर्ती विधानसभा शेवटपर्यंत १९१९ च्याच चौकटीत आणि तिच्याच तोकड्या मतदारयादीवर चालली. तिची मुदत तीन वर्षांची असताना १९३४ मध्ये निवडलेली सभा मुदतवाढी घेत घेत १९४५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, बसून राहिली. महायुद्धात हिंदुस्थानला ओढले गेले ते या सभेला न विचारता.

आता याच विषयावरील आणखी काही गैरसमज. 'इंग्रजांनी लोकशाही दिली' हे विधान वरील सर्व वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. प्रौढ मताधिकाराची मागणी १९२८ च्या नेहरू अहवालात स्पष्टपणे नोंदलेली आहे आणि ती ब्रिटिश संसदेने मान्य केली नाही. सर्व प्रौढांच्या मतदारयाद्यांचे काम नोव्हेंबर १९४७ पासून भारतीय अधिकाऱ्यांनी सुरू केले, हे अभ्यासक ऑर्नित शनी यांनी अभिलेखागारातील कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले आहे.

स्त्रियांना मत पुरुषांबरोबरच मिळाले, हेही खरे नाही : १९१९ च्या कायद्याने हा निर्णय प्रांतांवर सोडला, मद्रास आणि मुंबई यांनी तो १९२१ मध्ये घेतला, तर मध्य प्रांत-वऱ्हाडात १९२० आणि १९२३ च्या निवडणुका स्त्रियांच्या मतांविना झाल्या.

पुणे कराराने दलितांना विभक्त मतदारसंघ दिले असे सांगितले जाते. वास्तविक २४ सप्टेंबर १९३२ च्या या कराराने ते रद्द होऊन संयुक्त मतदारसंघांत १४८ राखीव जागा आल्या, त्यांपैकी २० मध्य प्रांताच्या होत्या.

संविधान सभा जनतेने थेट निवडली नव्हती. १९४६ च्या प्रांतिक विधानसभांनी तिचे सदस्य निवडले, आणि त्या विधानसभा निवडणाऱ्यांचे प्रमाण, संविधानाचे अभ्यासक ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांच्या हिशेबाने, प्रौढ लोकसंख्येच्या सुमारे २८.५ टक्के होते. अशा सभेने आपल्याला निवडणाऱ्या मतदारवर्गाच्या कितीतरी पलीकडे मताधिकार नेला, हे तिचे मोठेपण आहे.

आणि शेवटचा, पण वऱ्हाडात वारंवार ऐकू येणारा गैरसमज : १९५२ मध्ये येथील लोकांनी महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी मत दिले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चे. १९५२ मध्ये रिद्धपूरचा मतदार, आणि या वेळी तेथील सालदार व मजूर बाईही, ज्या विधानसभेसाठी मत देत होते ती नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशाची होती. त्या राज्याचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल १९३८ मध्ये मर्यादित मताधिकाराच्या बळावर याच प्रांताचे पंतप्रधान झाले होते, आणि अमरावती जिल्ह्यातून लोकसभेवर गेलेले व केंद्रात कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख १९३० ते १९३३ या काळात त्याच प्रांताच्या जुन्या कायदेमंडळातून मंत्री झालेले होते.