उपसा सिंचनाच्या नळावरील परतरोधी झडपेची निवड

विहिरीतून अथवा नदीतून पाणी उचलून शेतावर नेताना आपले सारे लक्ष पाणी वर चढविण्याकडे असते. पंप किती अश्वशक्तीचा घ्यावा, नळ किती व्यासाचा असावा, पाणी किती उंच जाईल, याची चौकशी प्रत्येक शेतकरी करतो. परंतु वीज अकस्मात गेल्यावर वर चढलेले पाणी काय करील, हा प्रश्न फारच थोडे जण विचारतात. पाणी आपल्या स्वभावधर्माप्रमाणे खाली धाव घेते. त्या परतीच्या धावेत पंप उलटा फिरतो, नळाचे सांधे उखडतात, आणि कधी कधी पंपाचे बीडाचे घरही तडकते. हे टाळण्यासाठी नळावर जी झडप बसवितात तिला परतरोधी झडप म्हणावे. बाजारात ती नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रिफ्लक्स व्हॉल्व्ह अथवा नुसती एन.आर.व्ही. या नावांनी मिळते.

ही झडप पाण्याला एकाच दिशेने जाऊ देते. पाणी पुढे चालू असता ती उघडी राहते आणि प्रवाह थांबून मागे वळू लागला की आपोआप मिटते. तिला चालविण्यास माणूस लागत नाही. म्हणूनच तिची निवड चुकली तर ती चूक माणसाच्या लक्षात लवकर येत नाही. पुष्कळदा ‘नळ सहा इंची आहे, सहा इंची झडप द्या’ एवढे सांगून ती विकत आणली जाते. याहून अधिक विचार करणे का आवश्यक आहे, हे पुढे दिले आहे.

जलाघात म्हणजे काय?

वाहते पाणी एकाएकी अडविले म्हणजे नळात दाबाची जी लाट उठते तिला जलाघात म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्को येथे पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून याचा नियम बसविला. त्या नियमाचे व्यावहारिक सार असे: पोलादी नळात दाबाची लाट सेकंदास सुमारे १००० मीटर वा त्याहून थोड्या अधिक वेगाने धावते. त्यामुळे पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटरने एकाएकी तुटला तर नळातील दाब सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोग्रॅम, वाढतो. पी.व्ही.सी. नळात लाट मंद धावत असल्याने ही वाढ निम्म्याहूनही कमी असते. परंतु तो नळही पोलादाइतका बळकट नसतो, हे विसरू नये.

आता एक उदाहरण घेऊ. पाणी ६० मीटर उंच चढवावयाचे आहे. पंप बंद असता झडपेवर नुसत्या उभ्या पाण्याचा दाब ६ किलोग्रॅम पडेल. १० किलोग्रॅमची झडप याला पुरेशी दिसते. पण झडप मिटण्यास उशीर झाला आणि तोवर पाणी सेकंदास अर्धा मीटर वेगाने परत वाहू लागले, तर मिटताक्षणी आणखी सुमारे ५ किलोग्रॅमची भर पडून दाब ११ किलोग्रॅम होईल. परतीचा वेग १ मीटर झाला असेल तर तो १६ किलोग्रॅमपर्यंत जाईल. पंपघरातून ऐकू येणारा ‘धाड्’ असा आवाज हाच. हा आवाज म्हणजे झडप चांगली काम करीत असल्याची खूण होय, अशी समजूत आढळते. ती अगदी उलटी आहे. तो आवाज झडप उशिरा मिटल्याची खूण आहे.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो: पाणी उलटण्याच्या आत, निदान ते उलटताक्षणी, जी मिटते ती झडप चांगली.

पाणी किती लवकर उलटते?

हे नळाच्या उंचीवर व लांबीवर अवलंबून असते. वरील ६० मीटर उंचीचा नळ ३०० मीटर लांब असेल आणि त्यात पाणी सेकंदास १.१ मीटर वेगाने चालले असेल, तर वीज गेल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आसपास पाणी थांबून उलटू लागेल. तोच नळ १५०० मीटर लांब असेल तर याला सुमारे ३ सेकंद लागतील. पंपाच्या फिरत्या भागांचा जोर व नळातील घर्षण बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब आहे. पण त्यातून दोहोंमधील अंतर स्पष्ट होते. म्हणजे उंच डोंगरकडेला सरळ चढणारा आखूड नळ हा सर्वांत धोक्याचा, व दूरवर हळूहळू चढणारा नळ झडपेच्या बाबतीत त्याहून सौम्य. मात्र लांब नळात पंप थांबताच उंचवट्यांवर पोकळी निर्माण होऊ शकते. म्हणून तेथे हवेच्या झडपा योग्य जागी असावयास हव्यात.

कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या काठी सहकारी उपसा सिंचन संस्थांचे पंप एकाच मोठ्या नळाला जोडलेले आढळतात. अशा ठिकाणी एक पंप बंद पडला व बाकीचे चालू राहिले, तर चालू पंपांचा दाब बंद पंपातून पाणी ताबडतोब मागे ढकलतो. म्हणून प्रत्येक पंपाला स्वतःची स्वतंत्र आणि त्वरित मिटणारी झडप पाहिजे. सर्वांना मिळून एक झडप कदापि चालणार नाही.

झडपेचे प्रकार

१. झुलती झडप. हिच्यात बिजागरीवर टांगलेली चकती असते. पाण्याला मार्ग मोकळा मिळतो व घर्षण कमी होते. पावसाळ्यातील गढूळ पाणी, पालापाचोळा हिला फारसा बाधत नाही. परंतु चकतीला मिटण्यासाठी मोठा फेरा करावा लागत असल्याने ती सावकाश मिटते. लांब, मंद चढाच्या नळास ही योग्य.

२. दुपाखी झडप. हिच्यात मधल्या दांडीवर दोन अर्धचंद्राकार पाखे असून स्प्रिंग त्यांना मिटविते. पाख्यांचा फेरा लहान असल्याने ती लवकर मिटते. वजनाने हलकी असून दोन फ्लँजांच्या मध्ये बसते. आखूड व उभ्या चढाच्या नळास आणि अनेक पंपांच्या जोडणीस ही झुलत्या झडपेपेक्षा चांगली. मात्र काडीकचरा मधल्या दांडीत अडकतो, म्हणून शोषणनळाची जाळी नीट असली पाहिजे.

३. स्प्रिंगची सरळगामी झडप. हिची चकती पाण्याच्याच दिशेने थोडीशी सरकते व सर्वांत लवकर मिटते. जेथे जलाघाताचे भय अधिक तेथे ही उत्तम. किंमत अधिक पडते आणि पाणी स्वच्छ असावे लागते.

४. उचलती झडप. हिची चकती बैठकीवरून वर उचलली जाते. ही पाण्याला अडथळा बराच करते. लहान व्यासाच्या नळांवर, विशेषतः खतांच्या वाहिनीवर, हिचा उपयोग होतो. गाळाने ती अडकून बसते.

आकार ठरविताना

नळाइतक्याच व्यासाची झडप घ्यावी, हा नियम सदैव बरोबर नाही. झुलत्या झडपेची चकती पूर्ण उघडी राहण्यास पाण्याचा पुरेसा वेग लागतो. तो ढोबळमानाने सेकंदास दीड मीटरच्या जवळपास असावा. वेग कमी पडला तर चकती अर्धवट लोंबकळत सतत थरथरते. त्यामुळे बिजागरीची दांडी झिजते आणि एके दिवशी चकती निखळून पडते.

सेकंदास २० लिटर पाणी देणारा पंप घ्या. हे पाणी २०० मिलिमीटरच्या झडपेतून सेकंदास सुमारे ०.६४ मीटर, १५० मिलिमीटरच्या झडपेतून १.१३ मीटर, व १२५ मिलिमीटरच्या झडपेतून १.६३ मीटर वेगाने जाईल. नळ २०० मिलिमीटरचा असला तरी तेथे त्याच मापाची झुलती झडप बसविणे म्हणजे पैसे अधिक देऊन झडप लवकर झिजविणे होय. दोन्ही बाजूंस उतरते तुकडे जोडून लहान झडप बसविणे हिताचे ठरते.

धातू व दाब

बीडाची झडप स्वस्त असते, पण बीड ठिसूळ आहे. आघात बसला की ते ताणले न जाता एकदम तडकते. जेथे उंची थोडी व नळ सौम्य चढाचा, तेथे बीडाची झडप पुरते. उंची मोठी असून जलाघाताची शक्यता असेल, तेथे ओतीव पोलादाची झडप घ्यावी. मात्र साधे पोलाद खाऱ्या पाण्यात गंजते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाण पट्ट्यात, तसेच समुद्रकाठच्या विहिरींवर, निदान चकती, दांडी, स्प्रिंग व बैठक हे भाग न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत. त्यातही मॉलिब्डेनम असलेले ३१६ जातीचे पोलाद ३०४ जातीपेक्षा खारेपणास अधिक टिकाव धरते.

झडपेवरील खुणा वाचण्यास शिकावे. ‘पी.एन. १.०’ आणि ‘पी.एन. १०’ या दोन पद्धतींच्या खुणांचा अर्थ एकच, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम दाब. तसेच ‘पी.एन. १.६’ व ‘पी.एन. १६’ म्हणजे सुमारे १६ किलोग्रॅम. पोलादी झडपेवर ‘क्लास १५०’ असे लिहिलेले असते. त्यावरून ती १५० किलोग्रॅम दाब सोसते असे समजू नये. साध्या पोलादाच्या अशा झडपेची मर्यादा नेहमीच्या तापमानात सुमारे २० किलोग्रॅम असते. पाणीपुरवठ्याच्या झुलत्या झडपांसाठी आय.एस. ५३१२ हे भारतीय मानक आहे. खरेदीच्या वेळी मानकचिन्ह पाहून घ्यावे.

शोषणनळाचा फूट व्हॉल्व्ह

विहिरीत बुडालेला फूट व्हॉल्व्ह, ज्याला बोलीत ‘फुटबॉल’ही म्हणतात, हीदेखील परतरोधी झडपच होय. पंपात पाणी टिकवून धरणे हे तिचे काम. वरच्या नळावर झडप न बसविता सारा भार फूट व्हॉल्व्हवर टाकण्याची चाल घातक आहे. कारण तो मिटताना बसणारा आघात पंपाच्या घरातूनच जातो.

शेतीच्या शोषणनळावरील झडपांसाठी आय.एस. १०८०५ हे मानक असून त्यात फूट व्हॉल्व्हचा रोधांक ०.८ हून अधिक नसावा असे सांगितले आहे. पाण्याचा वेग सेकंदास २ मीटर असता अशा झडपेत सुमारे १६ सेंटिमीटर उंची वाया जाते. रोधांक ५ असलेल्या ओबडधोबड झडपेत तीच हानी १ मीटर होते. पंप चालू असेल तितका वेळ हे एक मीटर पाणी व्यर्थ उचलावे लागते व त्याचे बिल शेतकऱ्यास भरावे लागते. जाळीच्या छिद्रांचे एकूण क्षेत्र नळाच्या छेदाच्या अडीच ते तीन पट तरी असावे.

खताच्या वाहिनीवर विशेष दक्षता

ठिबक सिंचनातून खत देताना पंप बंद पडला, तर मुख्य नळातील पाणी विहिरीकडे ओढले जाते व त्यासोबत टाकीतील खताचे अथवा औषधाचे द्रावणही विहिरीत जाऊ शकते. पुष्कळ वस्त्यांवर याच विहिरीचे पाणी घरी पिण्यासाठी नेतात. येथे प्रश्न केवळ पंपाच्या दुरुस्तीचा राहत नाही. तो मुलाबाळांच्या आरोग्याचा होतो. यास्तव मुख्य नळावर खत मिसळण्याच्या जागेआधी एक, आणि खताच्या बारीक नळीवर दुसरी, अशा दोन परतरोधी झडपा असाव्यात. मुख्य नळावर विहीर व झडप यांच्या दरम्यान हवा आत घेणारी झडपही असावी. खताच्या वाहिनीवर पितळी झडप टाळावी, कारण अमोनियाने पितळ तडकते. तेथे न गंजणाऱ्या पोलादाची किंवा योग्य प्लॅस्टिकची झडप वापरावी.

बसविणे व देखभाल

पंपानंतर प्रथम परतरोधी झडप व तिच्यापुढे स्लुइस व्हॉल्व्ह, असा क्रम ठेवावा; म्हणजे स्लुइस व्हॉल्व्ह मिटून झडप दुरुस्त करता येते. पंप व झडप यांच्यामध्ये नळाच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ नळ असावा. अंगावरील बाण प्रवाहाच्या दिशेने असावा. झुलती झडप आडव्या किंवा वर जाणाऱ्या नळावर बसवावी. खाली उतरणाऱ्या नळावर ती मिटणार नाही. आडव्या नळावर दुपाखी झडपेची दांडी उभी ठेवावी.

पंप नेहमीप्रमाणे बंद करताना आधी स्लुइस व्हॉल्व्ह सावकाश मिटून मग कळ दाबावी. विजेचा खंड मात्र विचारून येत नाही. स्वयंचलित स्विच लावलेल्या पंपांवर वीज काही क्षणांत परत आली आणि पंप उलटा फिरत असतानाच सुरू झाला, तर दांडा तुटण्याचे भय असते. म्हणून अशा स्विचला काही मिनिटांचा विलंब ठेवावा.

महिन्यातून एकदा पंप बंद करून जोडाकडे, म्हणजे कपलिंगकडे, पाहावे. तो उलटा फिरला तर झडप गळते असे समजावे. पावसाळ्यानंतर झडप उघडून बैठक, चकती व दांडी तपासावी. उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढावे, स्लुइस व्हॉल्व्ह मिटावा आणि नळातील दाब सोडून द्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या उपसा योजनेची कागदपत्रे पाहताना पाच गोष्टी अवश्य विचाराव्यात: उंची किती, नळ किती लांब, पाणी दर सेकंदास किती, ते गढूळ की खारे, आणि पंप एक की अनेक. या पाच उत्तरांवरून योग्य झडप ठरते. ही चौकशी खरेदीपूर्वी केली, तर ऐन उन्हाळ्यात पीक तहानलेले असताना फुटलेला नळ सांधत बसण्याचा प्रसंग शेतकऱ्यावर येणार नाही.