बारावी राहून गेली असेल, तर पदवीपर्यंत कसं पोहोचायचं?

वडील आजारी पडले, धाकट्या भावंडांची जबाबदारी आली, लवकर लग्न झालं, घरात कमावणारे हात कमी पडले. शाळा सुटण्याची कारणं बहुतेक वेळा अशीच असतात. पुढे संसार मार्गी लागतो, मुलं कॉलेजात जातात, आणि राहून गेलेल्या शिक्षणाचा विचार पुन्हा मनात येतो. तेव्हा पहिली शंका हीच असते की, दहावी-बारावीच नाही, तर विद्यापीठ आपल्याला प्रवेश देईल का?

देईल, आणि वय जास्त आहे म्हणून कुणी अडवणार नाही. मात्र तिथवर नेणाऱ्या वाटा एकाहून जास्त आहेत. घाईने चुकीची निवडली तर पैसे जातात आणि वर्षंही जातात. म्हणून सगळं क्रमाने पाहू.

पहिली पायरी : आपण कुठे थांबलो होतो?

कपाटातली जुनी कागदपत्रं बाहेर काढा. आपण आठवीत शाळा सोडली, दहावीला बसून नापास झालो, की दहावी झाल्यावर बारावी राहिली, यावर पुढचं सगळं ठरतं. दहावी उत्तीर्ण असाल तर थेट बारावीपासून सुरुवात करता येते. दहावीच राहिली असेल तर आधी ती पूर्ण करावी लागते.

शाळा सोडल्याचा दाखला सापडत नसेल तर शाळेकडे त्याची दुसरी प्रत मागा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपली नोंद असते. शाळा सोडल्याचं साल आणि तेव्हाची इयत्ता सांगितली की कारकुनाला ती शोधणं सोपं जातं.

दुसरी पायरी : नाव आणि जन्मतारीख जुळवून घ्या

सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. बायकांच्या बाबतीत दाखल्यावर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव असतं, तर आधारकार्डावर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. गरज पडली तर नावातला बदल राजपत्रात, म्हणजे सरकार जाहीर सूचना छापतं त्या पत्रकात, प्रसिद्ध करून घ्या.

जन्मतारखेचंही तसंच. जुन्या दाखल्यांवर १ जून ही तारीख सर्रास दिसते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती लिहून टाकलेली असते. आधारवर दुसरी तारीख असेल तर अर्ज भरण्याआधी ती दुरुस्त करून घ्या. इथे चूक राहिली तर ती गुणपत्रिकेवर छापली जाते आणि मग प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागतं.

तिसरी पायरी : तीन वाटांमधून एक निवडा

पहिली वाट राज्य मंडळाची. शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसायचं असेल तर ‘फॉर्म नंबर १७’ भरायचा. मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करून कागदपत्रं संपर्क केंद्रावर, म्हणजे मंडळाने नेमून दिलेल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात, द्यायची. अभ्यासक्रम, पुस्तकं आणि प्रश्नपत्रिका नेहमीच्या विद्यार्थ्यांच्याच. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर पुस्तकं आणि शिकवणारा, दोन्ही घरातच मिळतात. मात्र फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी हा अर्ज कित्येक महिने आधी भरावा लागतो. दिवाळीनंतर चौकशीला जाणाऱ्यांचं वर्ष बहुधा हातचं गेलेलं असतं.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. केंद्र सरकारची ही संस्था १९८९ साली सुरू झाली. हे एक शालेय मंडळच आहे, फक्त नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांना सोसेल अशा बेताने आखलेलं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम देण्याची सक्ती नाही. या वेळी दोन, पुढच्या वेळी तीन, असं चालतं.

तिसरी वाट मुक्त विद्यापीठांच्या पूर्वतयारी परीक्षेची. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १८ वर्षं पूर्ण झालेल्या पण बारावी नसलेल्यांसाठी ‘बॅचलर प्रिपरेटरी प्रोग्रॅम’ हा सहा महिन्यांचा शिक्षणक्रम चालवत आलं आहे. गणित, सामाजिक शास्त्रं आणि वाणिज्य यांतले दोन विषय घ्यायचे, बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा द्यायची आणि मग त्याच विद्यापीठात बी.ए. किंवा बी.कॉम.ला जायचं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रमही याच धर्तीचा.

ही वाट जवळची म्हणून मोह होतो. पण पूर्वतयारी परीक्षा म्हणजे बारावी नव्हे. तिच्या बळावर मिळालेली पदवी हातात असली, तरी पुढे ज्या जाहिरातीत दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींची अट असेल तिथे अर्ज अडतो. शिक्षणाची हौस पुरवायची असेल तर ही वाट चांगली आहे. नोकरी, बढती, बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षा मनात असेल तर बारावीच पूर्ण करा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पूर्वतयारी निवडलीत, तरी यंदाच्या माहितीपुस्तकात तो शिक्षणक्रम आहे ना, हे आधी पाहा.

चौथी पायरी : नोंदणी स्वतः करा

‘घरबसल्या हमखास दहावी-बारावी पास’ अशा पाट्या दिसतात. परीक्षेशिवाय पास करणारं कोणतंही मान्य मंडळ नाही. नकली मंडळाची गुणपत्रिका छापील आणि चकचकीत असते, पण विद्यापीठ ती परत करतं.

खऱ्या मंडळाचा अर्ज भरून देणारे मध्यस्थही असतात. त्यांची मदत घेतली तरी अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच द्या. मध्यस्थाचा नंबर असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो, सूचना त्याच्याकडे जातात, आणि आपली परीक्षा कधी आहे हे कळण्यासाठी त्याच्या मागे फिरावं लागतं.

एनआयओएसचा अर्ज भरताना जवळचं अभ्यासकेंद्र निवडायचं असतं. संपर्कवर्ग म्हणजे शंका विचारायचे तास तिथेच होतात. त्यामुळे एस.टी.ने सहज जाता येईल असंच केंद्र घ्या. महाराष्ट्रासाठी संस्थेचं प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. अभ्यासकेंद्राकडून उत्तर मिळालं नाही तर तिथे दाद मागता येते.

पाचवी पायरी : विषय निवडताना पदवीकडे बघा

एनआयओएसमध्ये उत्तीर्ण होण्यासाठी किमान पाच विषय लागतात आणि त्यांत एक तरी भाषा हवी. मानसशास्त्र, गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असे विषयही मिळतात. सोपे वाटले म्हणून घ्यायला हरकत नाही, पण आधी पुढची पदवी ठरवा. बी.ए.ला बहुतेक विषय चालतात. नर्सिंग किंवा बी.एस्सी. करायची असेल तर विज्ञानाचे विषय लागतात, आणि ते नंतर जोडायचे म्हणजे पुन्हा परीक्षा.

माध्यमही तपासा. दहावीला मराठी माध्यम आहे. बारावीला आपल्या विषयांसाठी कोणती माध्यमं आहेत, ते अर्जातल्या यादीत पाहूनच पुढे जा.

पूर्वी दहावी किंवा बारावीला बसून काही विषय सुटले असतील, तर त्यांतल्या दोन विषयांपर्यंतचे गुण एनआयओएसमध्ये वर्ग करून मिळतात. पण फार जुनी गुणपत्रिका यासाठी चालत नाही.

सहावी पायरी : गृहकार्य आणि परीक्षा शुल्क

प्रत्येक विषयाचं गृहकार्य स्वतःच्या अक्षरात लिहून वेळेत जमा करायचं असतं. एनआयओएसमध्ये त्याला २० टक्के वजन आहे. मुदत चुकली तर ते गुण गेले.

दुसरी नेहमीची चूक पैशांची. प्रवेशाचं शुल्क भरलं म्हणजे परीक्षेचंही भरलं, असं अनेकांना वाटतं. परीक्षा शुल्क वेगळं असतं, आणि त्या त्या परीक्षेच्या आधी, जितके विषय देणार तितक्यांचं भरावं लागतं. ते राहिलं तर हॉल तिकीट निघत नाही आणि अभ्यास तयार असूनही सहा महिने थांबावं लागतं.

सातवी पायरी : हाताला लिहायची सवय लावा

सही आणि वाणसामानाची यादी यापलीकडे पेन धरून वर्षं लोटलेली असतात. परीक्षेत तासाभरातच बोटं आखडतात, अक्षर मोठं होत जातं आणि येणारी उत्तरंही अर्धी राहतात. मोठ्या वयाच्या परीक्षार्थींचे गुण अज्ञानापेक्षा असे जास्त जातात.

उपाय सोपा आहे. पहिल्या महिन्यात रोज एक पान, मग दोन, मग रोज एक पूर्ण उत्तर घड्याळ लावून लिहा. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन पूर्ण वेळ बसा आणि चष्म्याचा नंबर त्याआधीच तपासून घ्या. उत्तीर्ण व्हायला राज्य मंडळात ३५ टक्के आणि एनआयओएसमध्ये ३३ टक्के लागतात. एनआयओएसच्या प्रात्यक्षिक असलेल्या विषयात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं, म्हणून प्रात्यक्षिकाची तारीख केंद्राला स्वतः विचारा.

आठवी पायरी : निकाल आणि विद्यापीठ

एखादा विषय राहिला तर फक्त तोच पुन्हा द्यायचा. एनआयओएसमध्ये सुटलेल्या विषयांचे गुण नोंदणीची मुदत असेपर्यंत जपलेले राहतात.

सगळे विषय सुटले की गुणपत्रिका, प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र ताब्यात घ्या. स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे एका मंडळातून दुसऱ्या संस्थेत जाण्याची परवानगी. राज्य मंडळाबाहेरून आलेल्यांना महाराष्ट्रातली विद्यापीठं ते मागतात, शिवाय पात्रता तपासणीचा वेगळा अर्जही भरून घेतात. घाबरू नका, एनआयओएसची बारावी मान्य आहे. फक्त मूळ कागद वेळेवर द्यायचे.

मग रोजच्या कॉलेजात जायचं की नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरी बसून, मराठीतून पदवी करायची, हे आपल्या सोयीने ठरवा. दोन्हीकडे बारावीची तीच गुणपत्रिका चालते.

दहावीपासून सुरुवात करणाऱ्याने पदवीला सहा-सात वर्षं लागतील असं धरून चालावं. आकडा मोठा वाटतो, पण एका वेळी हातात असतात फक्त दोन विषय आणि एक तारीख. या आठवड्यात दाखला मिळवा, पुढच्या आठवड्यात आधार जुळवा, आणि नोंदणी सुरू झाली की पहिल्याच दिवसांत अर्ज भरून मोकळे व्हा.