माळ्यावर कडप्पाच कशाला?

परभणी, सेलू, गंगाखेड, कुठंही नवं घर बघायला जा. माळ्यावरचे कप्पे कशाचे करायचे हा विषय निघाला की मिस्त्री, मालक आणि फुकटचा सल्ला द्यायला टपलेले पाहुणे एका सुरात सांगतात, "कडप्पाच टाका. फळी वाकते, दगड वाकत नाही." ऐकून ऐकून कान किटले.

दगड वाकत नाही, हे खरंय. तो मोडतो. दाब सोसण्यात त्याला तोड नाही. पण दोन टेकूंवर आडवा टाकला की त्याच्या खालच्या अंगाला ताण पडतो आणि तिथं तो कच्चा. लाकडी फळी आधी पोक काढते, कुरकुरते, डबे उतरवायला वेळ देते. कडप्पा मोडायच्या आदल्या दिवशीही सरळच दिसतो.

आणि त्याचं स्वतःचं वजन? 20 मिलिमीटर जाडीचा कडप्पा चौरस फुटाला सुमारे 5 किलो भरतो. 10 फूट लांब, दीड फूट रुंद असे दोन थर टाकले की झाले 150 किलो; उभे तुकडे वेगळेच. तेवढंच 19 मिलिमीटरचं प्लायवूड 35 किलोच्या आसपास. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी आयएस 875 हे भारतीय मानक चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतं. त्या हिशोबानं 10 बाय 2 फुटांचा माळा जेमतेम 370 किलोंचा. (तोही हिशोबानं बांधला असेल तर, आपल्याकडे माळा बहुधा उरलेल्या सळ्यांतच उरकतात.) म्हणजे एक पातेलंही वर चढायच्या आत चाळीस टक्के भार दगडानंच खाल्ला! त्यावर ज्वारीचं पोतं, तेही पुढच्या कडेला. भिंतीतून झुलत्या काढलेल्या माळ्याला कडेचं वजनच सगळ्यात जास्त जाचतं. जड वस्तू भिंतीलगत ठेवा.

फळी वाकते, यावरचा इलाज दगड नव्हे, टेकू. टेकूंमधलं अंतर निम्मं केलं की फुटामागे तेवढंच ओझं असताना वाक सोळाव्या हिश्शावर येतो. अडीच फुटांवर टेकू द्या, पुढच्या कडेला खालून दोन इंची उभी पट्टी ठोका. नाहीतर नटबोल्टचा लोखंडी रॅक उभा करा आणि पायांखाली आडवी फळी सरकवा, म्हणजे भार एका जागी टोचणार नाही.

बाकीचे समज थोडक्यात. पत्र्याखालच्या उन्हानं धान्याची कीड मरते म्हणे; त्यासाठी खुद्द दाणा 50 अंशांच्या वर तापावा लागतो. पत्रा तापतो, पोत्याचा गाभा नाही. सोयाबीनचं घरचं बियाणं तर तिथं मुळीच नको. उष्णतेनं उगवण घटते आणि पेरायला ती किमान 70 टक्के हवी. कडुनिंबाच्या फळीला वाळवी लागत नाही? कुठल्याही झाडाचं बाहेरचं पांढरट लाकूड वाळवी खाते. साधं एमआर प्लायवूड दमटपणा सोसतं, गळका स्लॅब नाही. तिथं आयएस 710 चा शिक्का बघून घ्या.

कडप्पा आधीच बसवलेला असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत त्याच्या खालच्या बाजूवर टॉर्च मारा. केसाएवढी चीर दिसली तर आधी जड डबे उतरवा. नाही दिसली तरी मधे एक टेकू द्याच.