एस्प्रेसो करायची, पण यंत्र कोणतं घ्यायचं?

ताडोब्याच्या मोहर्ली आणि कोलारा प्रवेशद्वारांच्या आसपासच्या गावांतल्या गटांचा एक प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. पर्यटक पहाटे अंधारात सफारीला निघतात, त्यांना चहापेक्षा कॉफी हवी असते, आणि कुणी तरी ‘एस्प्रेसो आहे का?’ असंही विचारतं. मग गटाच्या बैठकीत विषय निघतो की कर्ज काढून यंत्र घ्यावं का? गटाचा पैसा हा थेंबाथेंबाने साठलेला असतो. म्हणून आज आपण एस्प्रेसो म्हणजे काय, ती घरी कशी होते आणि कोणतं साधन कुणाला परवडतं, हे नीट समजून घेऊ.

लग्नातली एस्प्रेसो आणि खरी एस्प्रेसो

आपल्याकडे एस्प्रेसो म्हटलं की लग्नाचा मांडव आठवतो. चकचकीत उभी टाकी, खाली गॅस, बाजूला नळी आणि फस्स असा आवाज. त्या टाकीत पाणी उकळून वाफ तयार होते. भांड्यात दूध, साखर आणि झटपट विरघळणारी कॉफी असते. वाफ त्यात सोडली की दूध तापतं आणि फेस येतो. चवीला ही कॉफी छानच लागते, पण तिच्यात यंत्राने कॉफी काढलेली नसते, फक्त दूध फेसाळलेलं असतं.

खरी एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी जोराने दाबून काढलेला घट्ट अर्क. या इटालियन शब्दात ‘दाबून काढलेली’ आणि ‘गिऱ्हाइकासाठी तिथल्या तिथे केलेली’ असे दोन्ही अर्थ आहेत. मिलान शहरातल्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं. ते वाफेच्या दाबावर चालायचं, त्यामुळे कॉफी करपट लागायची. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच शहरातल्या आकिले गाज्जा यांची दांड्याची यंत्रं आली. त्यांत वाफेऐवजी स्प्रिंगच्या जोराने पाणी दाबलं जाई. दाब कितीतरी वाढला आणि कॉफीवर सोनेरी तपकिरी साय दिसू लागली. ती साय दुधाची नव्हे. कॉफीतलं तेल आणि भाजताना बियांत अडकलेला वायू यांतून ती तयार होते.

आता मापं पाहू. दोन छोट्या कपांना १६ ते १८ ग्रॅम पूड, ९० ते ९६ अंश तापलेलं पाणी, साधारण ९ बार दाब आणि २५ ते ३० सेकंद वेळ. हवेचा रोजचा दाब सुमारे १ बार असतो, त्यावरून ९ बारचा जोर किती ते ध्यानात येईल. पुडीच्या दुप्पट वजनाचा, म्हणजे ३२ ते ३६ ग्रॅम अर्क निघाला की थांबायचं.

आधी दळण, मग यंत्र

बिघडलेल्या कॉफीचा दोष आपण यंत्राला देतो, पण बहुतेक वेळा चूक दळणाची असते. वाळूतून पाणी सर्रकन निघून जातं आणि चिकणमातीत तुंबतं, तसंच हे आहे. पूड जाड असली तर पाणी दहा-बारा सेकंदांत वाहून जातं आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. फार बारीक असली तर अर्क थेंबथेंब पडतो आणि कडूजहर होतो. एस्प्रेसोला पूड बारीक मिठाहूनही बारीक लागते, पण मैद्यासारखी नको. मिक्सरमध्ये असं एकसारखं दळण होत नाही. काही पीठ होतं, काही कणी राहते. म्हणून जाणकार सांगतात की पैसे कमी असतील तर यंत्र साधं घ्या आणि कॉफीचं दळणयंत्र चांगलं घ्या. हाताने फिरवायचं, आत पोलादी जातं असलेलं दळणयंत्र घरापुरतं पुरतं, आणि वीज नसली तरी चालतं.

बियाही ताज्या हव्यात. दळलेल्या मसाल्याचा वास जसा उडतो, तसाच कॉफीचाही उडतो. पुड्यावर भाजल्याची तारीख असेल तर ती बघा. महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच कॉफी आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवा. आपल्या देशातली सर्वांत जास्त कॉफी कर्नाटकात, कोडगू आणि चिकमगळूर भागात पिकते. आपल्या विदर्भातही, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. अरेबिका जातीची कॉफी सुगंधी असते. रोबस्टा कडक असते आणि तिच्यावर साय दाट येते. दुधाची कॉफी करायची असेल तर दोन्हींचं मिश्रण चांगलं. पुड्यावर चिकोरीचं प्रमाणही वाचा. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे, कॉफी नव्हे.

साधनं, स्वस्तापासून महागापर्यंत

पहिलं साधन दक्षिणी फिल्टर. पितळेचे किंवा स्टीलचे दोन डबे एकावर एक, वरच्याला बारीक भोकं. पूड घालायची, उकळतं पाणी ओतायचं, पंधरा-वीस मिनिटांत खाली घट्ट अर्क उतरतो. काहीशे रुपयांत मिळतो, वीज लागत नाही, बिघडायला आत काही नाही. पहाटेच्या गिऱ्हाइकांसाठी अर्क आधीच काढून ठेवता येतो. ही एस्प्रेसो नव्हे, पण दुधात हिची चव कुठेही कमी पडत नाही.

दुसरं साधन मोका पॉट. अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून १९३३ साली हे अष्टकोनी भांडं आलं. खालच्या भागात पाणी, मध्ये चाळणीत पूड, वर अर्क. दाब एक-दोन बारच असतो, म्हणून साय फारशी येत नाही, पण कॉफी एस्प्रेसोच्या जवळ जाते. करताना खाली गरम पाणी घाला, तेही बाजूच्या झडपेच्या खालीच. चाळणी बारीक रव्याहून थोड्या बारीक पुडीने सपाट भरा, दाबू नका. भांडं फडक्याने धरून घट्ट पिळून लावा, मंद आचेवर ठेवा, झाकण उघडं असू द्या. अर्क मधासारखा येऊ लागतो. रंग फिका होऊन गुडगुड सुरू झाली की लगेच उतरवा. जास्त ठेवलं तर करपट होतं. ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर चालत नाही, हे घेण्याआधी बघा.

तिसरं, घरगुती विजेचं एस्प्रेसो यंत्र. खोक्यावर ‘१५ बार’ असं मोठं छापलेलं असतं. तो पंपाचा सर्वांत जास्त दाब. कॉफीला ९ बारच लागतात, त्यामुळे या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. स्वस्त यंत्रांत चाळणी दुहेरी तळाची असते, तिला खाली एकच बारीक भोक. त्यामुळे दुकानातून दळून आणलेल्या पुडीलाही फेस येतो. शिकणाऱ्यांना हे बरं, पण फेस आला म्हणजे कॉफी चांगली झाली असं नव्हे. पुढे हात बसला की एकेरी तळाची चाळणी बसवता येईल असं यंत्र निवडा. रबरी वायसर आणि दुरुस्ती चंद्रपुरात किंवा नागपुरात मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा.

विजेचं काय, तेही बघा. छोटं यंत्र हजार-दीड हजार वॅटचं असतं. त्याला मोठा प्लग आणि नीट अर्थिंग हवं; घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ते सहसा चालत नाही. वीज जाणाऱ्या गावात फिल्टर किंवा मोका हाताशी हवाच. पाणी जड असेल तर यंत्राच्या आत पांढरा क्षार धरतो आणि नळी तुंबते. गाळलेलं, हलकं पाणी वापरा आणि ठरावीक दिवसांनी, माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे क्षार काढा.

दूध आणि वाफ यांची काळजी

दूध फेसाळताना ते ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात. भांड्याला हात लावून धरवत नाही इतपत. एवढ्याने कच्चं दूध सुरक्षित होत नाही. म्हणून गावचं दूध आधी उकळून गार करा, मग फेसाळा. प्रत्येक कपानंतर वाफेची नळी ओल्या फडक्याने पुसा आणि थोडी वाफ सोडून आतलं दूध बाहेर काढा.

एक गोष्ट ठासून सांगतो. घरच्या कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी जोडून वाफ काढण्याचा जुगाड करू नका. वाफेला वाट मिळाली नाही तर कुकर फुटतो. लग्नातलं यंत्र जुनं घेत असाल तर दाबाचा काटा आणि सुरक्षा झडप चालू आहे हे कारागिराकडून तपासूनच घ्या, आणि दाब असताना कोणतंही झाकण उघडू नका.

गटाचा हिशोब

समजा यंत्र आणि दळणयंत्र मिळून ६०,००० रुपये लागले आणि दूध, साखर, कॉफी, गॅस, वीज आणि मजुरी वजा जाता कपामागे १० रुपये उरले. मग भांडवल सुटायला ६,००० कप विकावे लागतील. रोज २५ कप धरले तर २४० दिवस. ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि एरवी मंगळवारी सुट्टी असते. १ ऑक्टोबर ते ३० जून यांत मंगळवार वगळले तर २३४च्या आसपास दिवस उरतात. म्हणजे अख्खा हंगाम यंत्राचे पैसे फेडण्यातच जाईल, व्याज वेगळं. हेच काम दोन मोठ्या फिल्टरांनी सुरू केलं तर भांडवल आठवड्याभरात सुटू शकतं.

म्हणून आमचं म्हणणं असं. पहिला हंगाम फिल्टर आणि मोकावर काढा. रोज किती कप गेले, किती जणांनी दुधाविना कॉफी मागितली, हे वहीत लिहा. शेजारी मोहाचे लाडू ठेवा. कॉफी पर्यटकाला कुठेही मिळते, लाडू आपल्याकडेच मिळतात. वहीतला आकडा यंत्र मागत असेल तरच कर्जाचा अर्ज भरा. खाद्यपदार्थ विकायला अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खाली नोंदणी लागते, तीही आधी करून घ्या. जागेसाठी ग्रामपंचायतीला आणि जंगलाची हद्द असेल तर वनविभागाला विचारा.

शेवटी आपल्या स्वतःच्या कपाबद्दल. कॉफी आणि चहा दोन्ही अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. रक्त कमी असलेल्या बायांनी आणि लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण किंवा गोळी आणि कॉफी यांत निदान तासाभराचं अंतर ठेवावं. एका छोट्या एस्प्रेसोत साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. गरोदरपणात दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन घेणाऱ्यांनी ते कमी करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात चहाही मोजायचा असतो. तेव्हा गरोदर बाईने एखादाच कप घ्यावा आणि आशाताईंना विचारून घ्यावा.

पुढच्या बैठकीत हा हिशोब सगळ्या जणींसमोर वाचा. तुमच्या गावचे कप आणि तुमच्या गावचे भाव घालून तो पुन्हा मांडा, आणि मगच हात वर करून ठरवा.