सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा

मुष्टियुद्धाच्या इतिहासातील सर्वांत थोर योद्धा कोणता, ह्या प्रश्नाभोवती गेली शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली चर्चा व तीत लावले जाणारे निकष. ज्या खेळांत कामगिरी आकड्यांनी मोजता येते, त्यांत अशा चर्चेला आपोआपच मर्यादा पडते. क्रिकेटमध्ये डॉनल्ड ब्रॅडमनची कसोटी सामन्यांतील ९९·९४ धावांची सरासरी पुढे ठेवली, की फलंदाजांपुरता वाद बहुधा तेथेच थांबतो. मुष्टियुद्धात असा आकडा नाही. येथे प्रतिस्पर्धी स्पर्धेच्या वेळापत्रकाने ठरत नाही, तर करारान्वये निवडला जातो. कोणाशी लढावे इतकेच नव्हे, तर कोणाशी लढू नये, हेही योद्धा, त्याचा व्यवस्थापक व सामन्याचा प्रवर्तक ठरवितात. त्यामुळे विजयांच्या संख्येमागील माणसे कोण होती, हे पाहिल्यावाचून त्या संख्येला अर्थ येत नाही.

अपराजित राहणे हा सर्वांत सोपा व सर्वांत फसवा निकष होय. हेवीवेट गटातील अमेरिकन जगज्जेता रॉकी मार्सियानो (१९२३–६९) हा ४९ लढतींत ४९ विजय मिळवून १९५६ मध्ये निवृत्त झाला. त्यांपैकी ४३ विजय त्याने प्रतिस्पर्ध्यास बाद करून मिळविले. फ्लॉइड मेवेदरने ही संख्या ऑगस्ट २०१७ मध्ये ओलांडली. परंतु त्याचा पन्नासावा प्रतिस्पर्धी कॉनर मॅग्रेगर व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रथमच उतरत होता. मार्सियानोची झुंजार वृत्ती व मेवेदरची बचावकला ह्यांविषयी जाणकारांत दुमत नाही. पण जो जो वाटेत आला, त्याच्याशी दोन-तीनशे वेळा लढून काही पराभव पत्करणारा योद्धा त्यांच्याहून कमी ठरत नाही. फेदरवेट गटातील विली पेपने दोनशेहून अधिक लढती जिंकल्या आणि अकरा गमावल्या. त्या अकरा पराभवांनी त्याच्या पदन्यासाची कीर्ती उणावली नाही.

दुसरी अडचण वजनाची. साठ किग्रॅ. वजनाचा उत्तम योद्धा शंभर किग्रॅ. वजनाच्या मध्यम प्रतीच्या योद्ध्यापुढे टिकणार नाही, हे उघड आहे. मग त्या दोघांची तुलना कशी करावयाची? वजनाचा फरक मनाने वजा करून केवळ कौशल्य तोलावे, अशी तोड ह्यावर निघाली. इंग्रजीतील ‘पाउंड फॉर पाउंड’ हा शब्दप्रयोग ह्याच अर्थाने रूढ झाला असून तो प्रामुख्याने शुगर रे रॉबिन्सनच्या नावाशी निगडित आहे. ह्या निकषाला प्रत्यक्ष पुरावा असा मिळतो, तो वजनगट ओलांडून लढणाऱ्यांच्या बाबतीत. हेन्री आर्मस्ट्राँगने ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ ह्या दहा महिन्यांत फेदरवेट, वेल्टरवेट व लाइटवेट ह्या तीन गटांची जगज्जेतेपदे मिळविली आणि ती काही काळ एकाच वेळी धारण केली. त्या वेळी एकूण प्रचलित गट आठच होते व प्रत्येकाचा जगज्जेता सामान्यतः एक असे. १९४० मध्ये मिडलवेट गटाच्या अजिंक्यपदासाठी झालेली त्याची लढत बरोबरीत सुटली. आज सतरा गट व चार प्रमुख नियंत्रक संघटना असल्याने एका वेळी साठांहून अधिक जगज्जेते असू शकतात. फिलिपीन्सच्या मॅनी पॅकियाओने आठ गटांत मिळविलेली पदे असामान्य खरीच. पण त्यांची आर्मस्ट्राँगच्या तिनांशी तुलना करताना हा फरक विसरून चालत नाही.

जाणकारांच्या बहुतेक याद्यांत रॉबिन्सन (३ मे १९२१–१२ एप्रिल १९८९) अग्रस्थानी आढळतो. त्याचे मूळ नाव वॉकर स्मिथ. जॉर्जिया राज्यात जन्मलेला हा निग्रोवंशीय अमेरिकन योद्धा १९४० मध्ये व्यावसायिक झाला आणि त्याने सु. दोनशे लढतींत १७४ विजय मिळविले. पहिल्या चाळीस लढतींनंतर त्याला पहिला पराभव दिला तो त्याच्याहून बराच जड असलेल्या जेक लामोटाने (डेट्रॉइट, ५ फेब्रुवारी १९४३). तीनच आठवड्यांत रॉबिन्सनने त्याची परतफेड केली आणि पुढे आठ वर्षांहून अधिक काळ तो एकही लढत हरला नाही. लामोटाशी झालेल्या सहा लढतींपैकी पाच त्याने जिंकल्या. शेवटच्या लढतीत (शिकागो, १४ फेब्रुवारी १९५१) मिडलवेट गटाचे जगज्जेतेपदही मिळविले. दोन्ही हातांनी सारख्याच ताकदीने मारलेले ठोसे, मागे सरकतानाही प्रतिस्पर्ध्यास बाद करण्याची क्षमता आणि एकामागून एक येणाऱ्या ठोशांची जुळणी, हे त्याचे विशेष. १ मे १९५७ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, जीन फुलमरला त्याने ज्या एकाच डाव्या वक्र ठोशाने पाचव्या फेरीत बाद केले, तो आजही प्रशिक्षणात आदर्श म्हणून दाखविला जातो.

त्याच्या एकोणीस पराभवांची विभागणी बोलकी आहे. डिसेंबर १९५२ मधील पहिल्या निवृत्तीपूर्वी ते केवळ तीन, तर १९५५ मधील पुनरागमनानंतर सोळा. पहिल्या तिनांपैकी रँडी टर्पिनने लंडनमध्ये केलेल्या पराभवाची भरपाई त्याने दोन महिन्यांत केली. उरलेला पराभव जोई मॅक्सिमकडून, लाइट हेवीवेट ह्या आणखी वरच्या गटात झाला (न्यूयॉर्क, २५ जून १९५२). त्या रात्री वाफेसारखा उकाडा होता. दहाव्या फेरीनंतर पंचालाच बदलावे लागले. गुणांत स्पष्टपणे पुढे असलेला रॉबिन्सन तेराव्या फेरीनंतर आसनावरून उठू शकला नाही. संपूर्ण कारकीर्दीत निर्धारित फेऱ्यांपूर्वी लढत सोडण्याचा प्रसंग त्याच्यावर आला तो एवढाच, आणि त्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा उष्म्याचा वाटा मोठा होता.

रॉबिन्सनच्या थोरवीविषयी एक विसंगती मात्र नोंदविणे आवश्यक आहे. तो सर्वोत्कृष्ट होता तो १९४० नंतरच्या दशकात, वेल्टरवेट गटात, असे त्याला पाहणारे सांगतात. आणि नेमके त्याच काळातील त्याच्या लढतींचे चित्रण फारच थोडे उपलब्ध आहे. हॅरी ग्रेबच्या (१८९४–१९२६) बाबतीत तर लढतीचे एकही चित्रण उरलेले नाही. त्याने तेरा वर्षांत सु. तीनशे लढती दिल्या, पुढे हेवीवेट गटाचा जगज्जेता झालेल्या जीन टनीला त्याच्या आयुष्यातील एकमेव पराभव दिला (२३ मे १९२२) आणि अखेरची काही वर्षे तो एका डोळ्याने आंधळा असताना लढला. शिवाय त्या काळी अमेरिकेतील अनेक राज्यांत पंचाने गुणांवर निकाल देण्यास कायद्याने मनाई होती. दोघेही अखेरपर्यंत उभे राहिल्यास अधिकृत निकाल नसे. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील वार्ताहरांचे मत हाच निकाल मानून पैजांचे पैसे चुकते होत. ग्रेबचे कितीतरी विजय असे वृत्तपत्रीय आहेत. चित्रफितीवर विसंबणाऱ्याला ग्रेब दिसत नाही आणि आठवणींवर विसंबणाऱ्याला भूतकाळ नेहमीच मोठा दिसतो. ‘द रिंग’ ह्या नियतकालिकाचा संस्थापक व ह्या विषयातील दीर्घकाळचा अधिकारी नॅट फ्लायशर ह्याने आपल्या हेवीवेट यादीत जॅक जॉन्सनला पहिले, तर बारा वर्षे जगज्जेता राहून पंचवीस वेळा पद राखणाऱ्या जो लुइसला सहावे स्थान दिले होते; अलीला त्याने पहिल्या दहांतही घेतले नाही.

ह्या चर्चेतील सर्वांत गंभीर उणीव ज्यांना संधीच मिळाली नाही, त्यांच्याविषयीची आहे. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून जॉन्सन हा हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. त्यापूर्वीचे गोरे जगज्जेते कृष्णवर्णीयांशी पदासाठी लढण्याचे नाकारीत. १९१५ मध्ये जॉन्सनने पद गमावल्यानंतर हेच धोरण पुन्हा सुरू झाले आणि १९३७ मध्ये लुइस जगज्जेता होईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, ह्या गटात एकाही कृष्णवर्णीयास पदासाठी लढू दिले गेले नाही. कॅनडात जन्मलेला सॅम लँगफर्ड (१८८३–१९५६) ह्यात सर्वाधिक नाडला गेला. लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंतच्या योद्ध्यांना त्याने हरविले. १९०६ मध्ये तो जॉन्सनकडून पराभूत झाला खरा, परंतु जगज्जेता झाल्यावर जॉन्सननेही त्याला पुन्हा संधी दिली नाही. ज्याच्या नावावर एकही जागतिक पद नाही, त्याचे नाव पहिल्या दहांत घेणे भाग पडते, एवढ्यावरून पदांच्या संख्येची किंमत कळते.

मुहम्मद अलीचा (१७ जानेवारी १९४२–३ जून २०१६) विचार करताना निकषच बदलतात. हात खाली ठेवून, केवळ कमरेतून मागे झुकून ठोसे चुकविण्याची त्याची पद्धत पाठ्यपुस्तकी दृष्टीने सदोष होती. तिला त्याच्या वेगाने तारले. १९६४ मध्ये सनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला. व्हिएटनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्याने १९६७ मध्ये नकार दिल्याने त्याचे पद व परवाना काढून घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा १९७१ मध्ये रद्द केली. पण पंचविसाव्या वर्षापासूनची साडेतीन वर्षे वाया गेली होती. परतलेला अली मंद झाला होता. तरी त्याने किन्शासा येथे जॉर्ज फोरमनला (१९७४) व मानिला येथे जो फ्रेझरला (१९७५) हरविले आणि १९७८ मध्ये तिसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळविले. १९९९ मध्ये असोसिएटेड प्रेसने शतकातील श्रेष्ठ मुष्टियोद्धा म्हणून रॉबिन्सनची निवड केली, तर त्याच वर्षी बीबीसी व ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ ह्यांनी शतकातील श्रेष्ठ क्रीडापटू म्हणून अलीला गौरविले. हे दोन्ही निर्णय परस्परविरोधी नाहीत. पहिल्यात कसब तोलले गेले, दुसऱ्यात माणूस. खुद्द अलीही, स्वतःच्या थोरवीचा एरवी अखंड उद्‌घोष करीत असूनही, रॉबिन्सनला आदर्श मानीत असे.

निरनिराळ्या काळांतील योद्ध्यांना यंत्राकरवी झुंजविण्याचा प्रयत्नही झाला. १९६७ मध्ये अमेरिकेत संगणकाच्या आधारे हेवीवेट जगज्जेत्यांची काल्पनिक स्पर्धा आकाशवाणीवरून प्रसारित झाली. तीत मार्सियानो विजयी ठरला व अली जुन्या जेम्स जेफ्रीझकडून हरला. ह्यावर अलीने न्यायालयात दावा लावला. पुढे अली व मार्सियानो ह्यांच्यावर लुटुपुटीची लढत अनेक पर्यायी शेवटांसह चित्रित करण्यात आली. जानेवारी १९७० मध्ये दाखविलेल्या चित्रपटात मार्सियानोने तेराव्या फेरीत विजय मिळविला. तो विजय पाहण्यास तो हयात नव्हता; ऑगस्ट १९६९ मध्येच विमान अपघातात त्याचा अंत झाला होता.

हौशी क्षेत्राला ह्या याद्यांत सहसा स्थान नसते. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन १९७२, १९७६ व १९८० अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत हेवीवेट गटाचा विजेता होता. पण त्याने व्यावसायिक होण्याचे नाकारल्यामुळे अलीशी त्याची लढत झालीच नाही. स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये २०१२ पासूनच आले. भारताच्या मेरी कोमने २००२ ते २०१८ ह्या काळात सहा वेळा जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले, तरी सार्वकालिक श्रेष्ठत्वाच्या चर्चेत स्त्रियांची नावे अलीकडेच येऊ लागली आहेत.

दीर्घ कारकीर्द हे थोरवीचे गमक मानले जात असले, तरी तिची किंमत शरीराला द्यावी लागते. २४ जून १९४७ रोजी रॉबिन्सनशी लढताना जखमी झालेला जिमी डॉइल दुसऱ्या दिवशी मरण पावला. रॉबिन्सन स्वतः अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने पीडित होता. अलीला १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले. तो शेवटची लढत हरला त्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू लढतीतील आघातामुळे मरण पावल्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्यास सुरुवात झाली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत पंधरा फेऱ्या जवळजवळ नाहीशा झाल्या. त्यामुळे तेराव्या ते पंधराव्या फेरीतील दमाची जी कसोटी लुइस, रॉबिन्सन, मार्सियानो व अली ह्यांना द्यावी लागे, ती त्यांच्यानंतरच्या योद्ध्यांना लावता येत नाही.